पुडी आणायला पोराला धाडू नका

जाळी विणत बसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या गालात मावा दिसतो, तेव्हा आपण संगतीला दोष देतो. पण आजीची मिश्री, बाबांची तंबाखू दुकानातून आणतो कोण? घरातलंच पोर! अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून. घरानेच धाडलं तर कायदा काय करणार?

कोकणात वडील बरेचदा मुंबईला, नाहीतर बोटीवर. घरी आले की मार्कांची चौकशी आणि ओरडा. मग पोर खरं सांगणार कुणाला? माराने व्यसन सुटत नाही, पोर लपवायला शिकतं. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, हे जेवताना मायेने विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

– एक पालक, रत्नागिरी