ब्लॉक पद्धत पुन्हा आणा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

15 सप्टेंबरला आपल्या खात्यात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार घातला जातो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून शिकून 1884 साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. नाशिक, खानदेश, सिंधमधलं सक्कर असे करत पुण्याच्या पाटबंधाऱ्यांवर आले. खडकवासल्याचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे सर्वांना ठाऊक आहेत. नीरा कालव्यासाठी त्यांनी मांडलेली ब्लॉक पद्धत मात्र मागे पडली, आणि आज कालव्याखाली भिजणाऱ्या लाभक्षेत्राला गरज तिचीच आहे.

तेव्हा भिजणारी रानं विखुरलेली असत. एका तुकड्यासाठी चारी, म्हणजे कालव्यातून रानापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट, लांबवर वाहायची, वाटेत पाणी मुरायचं, वरच्या अंगाचा शेतकरी हवं तेवढं घ्यायचा. विश्वेश्वरय्यांनी भिजवणीची जमीन ठरावीक गटांत बांधली. गटातली साधारण एक तृतीयांश जमीन उसाला, बाकीची भात व कमी पाण्याच्या पिकांना. पुढे ऊस दुसऱ्या तुकड्यात.

खरी मेख या फेरपालटात आहे. काळ्या जमिनीत निचरा हळू होतो. उसामागून ऊस घेतला, वर पाटपाणी मोकाट दिलं, की भूजल चढतं. ते पृष्ठभागाजवळ आलं की पाणी उडून जातं आणि क्षार वर साचतात. रान आधी चिबडतं, म्हणजे पाणथळ होतं, मग क्षारपड होतं. तिथे निचऱ्याचे चर काढण्याआधी जिप्सम टाकणं म्हणजे पैसा वाया घालवणं, कारण जिप्सममुळे मातीतून सुटलेल्या सोडियमला वाहून जायला वाटच नसते.

म्हणून सुरुवात पाण्याच्या मोजणीपासून करा. चारीच्या मुखाशी बसवलेल्या फ्ल्यूममध्ये, म्हणजे पाणी मोजण्याच्या पन्हळीत, गाळ साचला किंवा खालच्या बाजूने पाणी तुंबलं, की मोजपट्टी खोटा आकडा दाखवते. पाण्याच्या दर पाळीआधी गाळ काढणं आणि मोजपट्टीचा शून्य तपासणं शाखा अभियंत्यावर बंधनकारक करा. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याप्रमाणे पाणीवापर संस्थांना पाणी घनमापानेच द्या. हेक्टरी पाणीपट्टी असेल तर दुप्पट पाणी घेणाऱ्याला तेवढेच पैसे पडतात. पाळी टेलकडून हेडकडे, म्हणजे शेवटच्या रानापासून मुखाकडे, चालवा. उसाला मंजुरी देताना त्या तुकड्यात मागच्या वर्षी काय होतं, ते पाहा.

आणि चारीच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच निचऱ्याच्या चरांचं काम धरा, नैसर्गिक ओढ्यापर्यंत सलग उतार मिळेल असं. अर्धवट चरामुळे वरच्याचं पाणी खालच्याच्या रानात तुंबतं.

आपले,
नीरा डाव्या कालव्यावरचे लाभधारक शेतकरी