सूचना : वार्षिक तपासणीआधी मुलाची फाईल लावून ठेवा

सर्व पालक सभासदांना,

हृदय, मेंदूविकार, हार्मोन्स, रक्तविकार अशा एकाहून जास्त विभागांत ज्यांच्या मुलांवर उपचार चालू आहेत, त्यांनी बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) जाण्याआधी वर्षभराचे कागद तारखेप्रमाणे एकाच फाईलीत लावावेत. एका विभागाने बदललेलं औषध दुसऱ्या विभागाला आपोआप कळेल असं धरून चालू नका.

सगळ्यात वर एक पान हवं : दर तीन महिन्यांचं वजन-उंची, चालू औषधं आणि त्यांची मात्रा. वजन फार महत्त्वाचं. फिट्सची बरीच औषधं किलोमागे ठरतात. किलोला २० मिलिग्रॅम धरलं, तर १२ किलोच्या मुलाला दिवसाला २४० लागतात, तेच मूल १५ किलोचं झालं की ३००. मात्रा जुनीच राहिली तर फिट्स परत येऊ शकतात. पण स्वतःहून वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. सिरपची ताकद बाटलीवरून उतरवून घ्या. ५ मिलीत किती मिलिग्रॅम, हे कंपनीगणिक बदलू शकतं. आणि कृपा करून घरातल्या चमच्याने मोजू नका, सिरिंज वापरा.

मधुमेह असल्यास दर तीन महिन्यांचा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) लावा. थॅलेसेमियासाठी रक्त चढवल्याच्या तारखा, त्याआधीचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह दाखवणारी तपासणी). थायरॉइडची गोळी लोह किंवा कॅल्शियमसोबत दिली जात असेल तर तेही सांगा. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डाची (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड) मुदत आजच बघा.