पेन्सिलीची टिंबं

खानापूर,
आषाढ

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

चार दिवस झाले, पावसाला उसंत नाही. कणकुंबीकडे धो धो कोसळतोय, मलप्रभा घाटाच्या पायऱ्या चढून वर आली आहे. शिवारात नट्टी, भाताची लावणी, जोरात चालू आहे. आम्ही दोघं बरे आहोत.

रविवारी फोनवर तू उदयपूरकडच्या त्या अभ्यासाबद्दल सांगत होतीस. एकशिक्षकी शाळा, मास्तरानं सकाळी आणि सुटताना मुलांबरोबर तारीख-वेळ छापलेला फोटो काढायचा, आणि पगार त्या फोटोंवर. अचानक भेटी देऊन मोजलं, तर कॅमेरा नसलेल्या शाळांत शिक्षक 42 टक्के वेळा गैरहजर, कॅमेऱ्याच्या शाळांत 21 टक्के. "रजिस्टरचा भरवसा नाही ना आप्पा," असं तू सहज बोललीस आणि मी गप्प झालो. मीही जन्मभर मास्तर, म्हणून तुला वाटलं, मला लागलं. तसं नाही. एक गोष्ट आठवली, ती फोनवर बोलवेना, म्हणून लिहितो आहे.

15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची शाळेतल्या धान्याची योजना सुरू झाली. तेव्हा शिजवलेलं जेवण नव्हतं. महिन्याला 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला 3 किलो धान्य घरी न्यायला मिळायचं. मी शिकवत होतो त्या चौथीत रानाकडच्या वाडीवरची एक मुलगी होती. नट्टीच्या दिवसांत आई दुसऱ्याच्या शेतात चिखलात उभी, आणि हिच्या कडेवर धाकटा भाऊ. पंधरा-पंधरा दिवस शाळेत दिसायची नाही. वाटपाच्या आदल्या दिवशी तिची आई दारात येऊन उभी राहिली. काही मागितलं नाही, नुसती उभी राहिली. पायाचा चिखल अजून ओला होता. मी रजिस्टर काढलं आणि त्या महिन्याच्या रिकाम्या घरांत हजेरी भरून टाकली.

एकदा केलं की पुढचा महिना सोपा जातो. त्यात कर्नाटकातली आपली मराठी शाळा, पट आधीच कमी. हजेरी उतरलेली दिसली तर उद्या शाळेवरच गदा यायची, ही भीतीही मनात होती. कागदावर माझा वर्ग उत्तम चालला होता.

वार्षिक परीक्षेच्या आधी तिला धडा वाचायला उभं केलं. घडाघडा म्हणाली. पण बोट भलत्याच ओळीवर होतं, आणि पान उलटायची वेळ येऊन गेली तरी तिनं ते उलटलं नाही. मी चित्रावर हात ठेवला आणि दुसऱ्या धड्यातली एक ओळ दाखवली. तिचा आवाज थांबला. 'भात' हा शब्दही लागेना. जिच्या घरी सकाळ-संध्याकाळ भातच, जिची आई भातच लावते, तिला तो वाचता येईना. रजिस्टरवर मात्र ती रोज शाळेत होती. साहेबांना कळणार कसं, आणि मला तरी कोणत्या तोंडानं सांगता येणार?

सातवीतली एक पोरगी तिच्याच वाडीची होती. तिला म्हटलं, वाटेनं येता-जाता हिला अक्षरं दाखव. दोन महिन्यांत 'भात', 'बैल', 'गवत' पाटीवर आलं. पुढे 2019 मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा तू मला मुंबई-वडोदऱ्याच्या शाळांतल्या 'बालसखी' प्रयोगाचं सांगितलंस. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच तरुण मुलगी वेगळी बसवून शिकवते आणि त्यांची प्रगती होते. ते ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही. माझी ती पोरगी दोन महिन्यांऐवजी दोन वर्षं शिकवती तर, असं वाटत राहिलं.

आता तुझ्या प्रबंधाचं. तू पटसंख्या आणि हजेरीचे आकडे घेऊन बसली आहेस. डुफ्लोंनी इंडोनेशियात 1973 नंतर बांधलेल्या 61,000 हून अधिक शाळा धरून मुलांचं शिक्षण किती वाढलं याचा हिशेब मांडला, तो मला पटतो. शाळा बांधली की ती उभी दिसते. हजेरीचं तसं नाही. त्या आकड्यावर भरणाऱ्याचं काय अवलंबून होतं, हे आधी विचार. धान्य होतं की शाळा टिकणं होतं की बढती? नोव्हेंबर 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं, आमच्याकडे पुढे बिसी ऊट, म्हणजे शाळेतलं गरम जेवण, आला, आणि हिशेब बदलला. ताटासमोर मूल बसावं लागतं. त्याआधीची आणि नंतरची हजेरी तू एकाच मापानं मोजू नकोस, एवढं माझं ऐक.

आणि वाचनचाचणी घेशील तेव्हा भाषा बघ. आपल्याकडचं मूल घरी वाडीची बोली बोलतं, पुस्तकात पुण्याची मराठी वाचतं, बसवरची पाटी कानडीत. चुकीच्या कागदावर 'वाचता येत नाही' लिहिणं फार सोपं असतं.

कॉलेजातल्या मुलांचे ट्यूटोरियलचे वर्ग घ्यावे लागतात, त्यामुळे प्रबंध मागे पडतोय म्हणालीस. तुझा वेळ जातो, मला दिसतं. तरी त्या वर्गाला दुय्यम समजू नकोस. मागच्या बाकावरची मुलं मान डोलवतात तेव्हा त्यांचं बोट कोणत्या ओळीवर आहे ते बघ. चित्रावर हात ठेव. तुझ्याच विषयाचं काम समोर बसलेलं असताना ते सोडून आकड्यांत शोधायला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

एक शेवटचं. माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या तीन वह्या आहेत, 1996 ते 1999 च्या. रजिस्टर खोटं भरायचो त्या दिवशी रात्री वहीत त्या मुलाच्या नावापुढे पेन्सिलीनं एक टिंब द्यायचो. का द्यायचो ते तेव्हाही नीट माहीत नव्हतं. कुणाला दाखवली नाहीत, तुझ्या आईलाही नाही. काल काढून पाहिली. एका वहीला कसर लागली आहे, पण टिंबं दिसतात. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. शाळेतलं जुनं रजिस्टर मिळालं तर शेजारी ठेवून ताडून बघ. लिहिताना मुलांची नावं काढून टाक. माझं ठेवलंस तरी चालेल.

तुझे
आप्पा