जोडणी बंद, बिल सुरूच

घरचे ब्रॉडबँड बंद करून तीन महिने झाले. राउटर परत केला, पोचपावतीही घेतली. तरी बिल येतेच आहे. बँकेतून आपोआप होणारी वजावट वेगळी रद्द करावी लागते, हे दोन महिन्यांचे पैसे गेल्यावर कळले. ती थांबवली, तर आता विलंब आकार! ग्राहक सेवा केंद्राचे उत्तर ठरलेले: 'सिस्टीममध्ये अजून चालू दिसतंय.' दर वेळी तक्रार क्रमांक मात्र नवा. जोडणी घेताना एक फोन पुरला होता, माणूस त्याच दिवशी दारात हजर. अनामत रकमेचे तर कोणी नावच काढत नाही. बंद केल्याच्या तारखेपर्यंतचा हिशेब करून अंतिम बिल लेखी द्यायला कंपनीला अडचण काय आहे?

– एक माजी (कंपनीच्या लेखी आजी) ग्राहक