पाकीट दिले, माप कोण शिकवणार?

महोदय,

पावसाळ्यात सेवाभावी संस्था पाड्यांवर ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या द्रावणाची पाकिटे वाटतात, हे चांगलेच. पण माप शिकवायचे राहून जाते. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले की मिठाचे प्रमाण वाढते आणि ते बाळाच्या जिवावर बेतू शकते. लिटरची बाटली समोर ठेवून आईच्याच हातून द्रावण करून घ्यावे. चमच्याचमच्याने पाजावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. २४ तासांनी उरलेले ओतून द्यावे. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची असते, नेमकी तीच मध्येच बंद होते. १९७० मध्ये सुरू झालेल्या जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. पाड्यावर अशी एक बाई असली तर ती रोज घरात डोकावते. महिन्यातून एकदा येणाऱ्या संस्थेच्या गाडीला ते जमत नाही.