डॉगटाउनच्या पोरांचे यश चाकापासून सुरू होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘लॉर्ड्स ऑफ डॉगटाउन’ या 2005च्या चित्रपटावरचा लेख वाचला. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका आणि व्हेनिस या भागातल्या, म्हणजे ‘डॉगटाउन’मधल्या, झेफिर नावाच्या संघातून 1970च्या दशकात स्केटबोर्ड खेळणाऱ्या पोरांची ही गोष्ट. कॅथरीन हार्डविक यांचे दिग्दर्शन, हीथ लेजरने उभा केलेला झेफिर दुकानवाला स्किप एंगब्लम, संघातल्या जे अ‍ॅडम्सची फरफट, हे सगळे लेखात छान आले आहे. पण या पोरांना मिळालेली कीर्ती लेखकाने सरसकट त्यांच्या बेदरकारपणाच्या खात्यावर जमा केली, ते मात्र पटले नाही. बेदरकार पोरे 1965 सालीही होतीच. तरी स्केटबोर्डची ती पहिली लाट बघता बघता ओसरली, कारण चाक साथ देत नव्हते.

तेव्हाची चाके आधी लोखंडी आणि नंतर ‘क्ले’ची, म्हणजे मातीमिश्रित कडक पदार्थाची, असत. दोन्ही टणक. उतारावर वळायला जावे तर मागची चाके घसरत, आणि वाटेत छोटासा खडा आला की बोर्ड जागीच थांबे, वरचा पोरगा तोंडावर आपटे. बेअरिंगही उघडी असत. छर्रे सुटून रस्त्यावर सांडत. 1970च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावच्या एका कारखान्यात रोलर स्केटसाठी ओतलेली युरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकची चाके पाहिली आणि ती स्केटबोर्डला लावून बघितली. युरेथेन खड्यावर किंचित दबते आणि पार होते, शिवाय जमीन धरून ठेवते. पुढे त्याने कॅलिफोर्नियात ‘कॅडिलॅक व्हील्स’ नावाने ती विकायला काढली. 1975च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्याच डेल मार गावी स्केटबोर्डची जी स्पर्धा गाजली, तिच्या नावातच बाने आणि कॅडिलॅक या दोन कंपन्या होत्या. म्हणजे पोरांना ज्या मैदानावर जगाने पाहिले, ते मैदानही चाक विकणाऱ्याने मांडले होते. चित्रपटात झेफिरच्या दुकानात नवी चाके येतात तो प्रसंग आहे. पटकथा खुद्द त्या संघातल्या स्टेसी पेराल्टाची, त्यामुळे तो उगाच आलेला नाही. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

जमिनीचेही तसेच. सांता मोनिका आणि व्हेनिसची ही पोरे मुळात लाटांवर खेळणारी. जवळच्या डोंगरकुशीतल्या शाळांची मैदाने सपाट करताना कडेला डांबराचे तिरके उतार सोडलेले होते. लाट नसली की पोरे त्या उतारांवर जात. हवाईचा सर्फर लॅरी बर्टलमन लाटेवर पार खाली बसून पाण्याला हात लावत वळे. त्याची नक्कल करत ही पोरे डांबराला हात टेकवून वळू लागली. हात टेकवला की वळणाला टेकू मिळतो आणि शरीराचा भार चाकांच्या आतल्या बाजूला राहतो. क्लेच्या चाकांवर कुणी हे केले असते, तर बोर्ड खालून निसटलाच असता. डेल मारला बाकीचे खेळाडू ताठ उभे राहून गिरक्या घेत होते, आणि ही पोरे जमिनीला चिकटून आली. परीक्षकांना गुण कसे द्यावेत ते कळेना.

मग आले पोहण्याचे तलाव. दक्षिण कॅलिफोर्नियात घरामागचे तलाव गोलसर, भिंत आणि तळ यांच्यात कोपरा नसलेले, कढईसारखे. 1976-77च्या दुष्काळात असे कितीतरी तलाव कोरडे पडले. उरलेले पाणी पंपाने उपसायचे, तळाचा गाळ खराट्याने काढायचा, मोरीपाशी थोडी जरी ओल राहिली तरी चाक सटकते म्हणून तेवढी फडक्याने टिपायची, आणि एकाने पोलिसांवर नजर ठेवायची. तलावात ढकलायला जागा नसते. वेग पायांतून काढावा लागतो. तळाशी गुडघे वाकवून दबून राहायचे आणि वळण चढताना पाय जोर देत सरळ करायचे. प्रत्येक फेरीला थोडी उंची वाढते. ती उंची वाढत वाढत काठाच्या वर गेली. 1977 साली याच पोरांतल्या टोनी अल्वाने काठाबाहेर हवेत जाऊन, बोर्ड हातात धरून, पुन्हा तलावात उतरून दाखवले. आजची ऑलिम्पिकमधली ‘पार्क’ स्पर्धा पाहा, तिचा आखाडा म्हणजे या तलावांचेच वाढवलेले रूप आहे.

हे सगळे आग्रहाने लिहायचे कारण लेखाचा शेवट. ‘मुलांच्या हाती बोर्ड द्या, बाकी धाडस त्यांना शिकवेल’ असे त्यात म्हटले आहे. हा सल्ला धोक्याचा आहे. खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त बोर्डाची चाके टणक प्लास्टिकची असतात, म्हणजे आपण मुलाला थेट 1965मध्ये पाठवतो. त्याचे ट्रकही, म्हणजे चाके फळीला जोडणारे आसही, बहुधा प्लास्टिकचे असतात, ते वळत नाहीत. घेताना मुलाला बोर्डावर उभे करून एका बाजूला कलायला सांगावे. बोर्ड त्या बाजूला वळला पाहिजे. फळी मेपलच्या सात थरांची आणि ट्रक अ‍ॅल्युमिनियमचे हवेत. सिमेंटच्या गुळगुळीत पार्कसाठी 52 ते 54 मिलिमीटरची 99ए चाके ठीक (‘ए’चा आकडा जितका मोठा तितके चाक टणक). आपल्या खडबडीत डांबरी रस्त्यावर मात्र 56 ते 60 मिलिमीटरची मऊ, 78ए चाके घ्यावीत. चाक मोठे घेतले की वळताना ते फळीला घासून बोर्ड एकदम अडकतो, म्हणून ट्रक आणि फळी यांच्यामध्ये एक अष्टमांश इंचाची रबरी पट्टी घालावी.

ट्रकच्या मधल्या बोल्टाचा नट एका वेळी पाव फेराच फिरवावा. फार सैल असेल तर वेगात बोर्ड थरथरू लागतो. अशा वेळी भार मागे टाकणे ही नवख्यांची नेहमीची चूक. भार पुढच्या पायावर हवा. फार आवळला तर बोर्ड वळत नाही आणि आतले रबर फाटते. चाकाचा नट आवळल्यावर चाक हाताने जरासे डुगडुगले पाहिजे, नाहीतर बेअरिंग दाबले जाते. बेअरिंग आठ लागतात, सगळी 608 मापाची. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर बोर्ड काढूच नये. भिजलाच तर बेअरिंग काढून, झाकण उघडून, रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. गंज काढायचा फवारा मारून तसेच ठेवू नये, त्याने आतले वंगण निघून जाते.

पडणाऱ्याचा हात आपोआप पुढे जातो, म्हणून मनगट सगळ्यांत आधी मोडते. मनगटाचे संरक्षक हेल्मेटइतकेच जरुरीचे आहेत. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटे बसावे. तलावासारख्या खोलगट पार्कमध्ये उतरायचे असेल तर आधी टणक टोपीचे गुडघ्याचे पॅड घालून, बोर्डाशिवाय, उतारावर धावत जाऊन दोन्ही गुडघ्यांवर घसरत खाली यायचा सराव करावा. पडायचे कसे हे तिथे पहिल्यांदा शिकवतात.

आणखी एक गोष्ट लेखातून सुटली, आणि चित्रपटानेही तिला फार थोडी जागा दिली आहे. झेफिरच्या बारा जणांच्या संघात पेगी ओकी ही एकटी मुलगी होती, आणि डेल मारच्या त्या स्पर्धेत महिलांच्या फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे सपाट जागेवरच्या कसरतींत, ती पहिली आली होती. पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा फ्रँक नॅसवर्दीबरोबर तिचेही नाव छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे