‘फुकट’ हा शब्द मागे घ्यावा

मा. संपादक, स. न. वि. वि.

कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसांच्या मुलांना अमेरिकेत ‘फुकट’ शिक्षण मिळतं, असं आपल्या अंकातल्या एका टिपणात वाचलं. टिपण ठीक आहे, पण तो एक शब्द खटकला. टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टनजवळच्या एका कॉलेजात फी भरण्याच्या खिडकीवर मी अठरा वर्षं काढली, म्हणून लिहिते.

एकदा एक मुलगा नऊ क्रेडिटची फी भरायला आला. क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रमाचं माप; सत्राला बारा घेतली की विद्यार्थी पूर्णवेळ धरतात. खिशातून वीस-वीसच्या चुरगळलेल्या नोटा काढून तो काउंटरवर तळहातानं सपाट करत होता. पूर्ण बारा क्रेडिट का घेत नाहीस, विचारलं तर म्हणाला, रात्री गोदामात काम करतो, परवडत नाही. वडील? ‘डेप्युटी शेरीफ, म्हणजे काउंटीचे (जिल्ह्याचे) पोलीस होते. गाडी अडवली, तेव्हा गोळी लागली. मी चार वर्षांचा होतो.’ नोटा मोजणं चालूच होतं.

टेक्ससचा कायदा ‘पीस ऑफिसर’ म्हणतो, त्यात डेप्युटी, कॉन्स्टेबल, शहर पोलीस आणि शाळांचे पोलीसही येतात. असा माणूस कामावर मारला गेला तर राज्य वारसांना ५ लाख डॉलर देतं. शिवाय अल्पवयीन मुलासाठी महिना ४०० डॉलर, दोघं असतील तर मिळून ६००, तीन किंवा जास्त असतील तर ८००. पुढे सरकारी कॉलेजात पहिली पदवी किंवा २०० क्रेडिट होईपर्यंत फी माफ, वर पुस्तकं आणि वसतिगृहाचा खर्च. अट एकच, पूर्णवेळ शिकायचं. म्हणजे तीन क्रेडिट कमी घेऊन हा मुलगा पैसे वाचवतोय असं समजत होता आणि त्यामुळेच सवलतीबाहेर राहत होता! त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या साहेबांनाही ते कलम ठाऊक नव्हतं. ‘ही सवलत माजी सैनिकांची’ म्हणून त्यांनी त्याचा अर्ज परत केला. राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन मंडळाचं पात्रतेचं पत्र येईपर्यंत अर्धं सत्र गेलं.

केंद्राचा कायदा वेगळा, १९७६ चा. तेव्हा घरच्यांना मिळणारी रक्कम ५०,००० डॉलर होती, आज ४ लाखांच्या वर आहे. निम्मी जोडीदाराला, निम्मी मुलांना. दत्तक, सावत्र, बाप गेल्यावर जन्मलेलं, सगळी मुलं त्यात धरतात, हे मला फार आवडतं. मुलांना सत्ताविसाव्या वर्षापर्यंत शिक्षणासाठी दरमहा रक्कमही आहे. पण मुख्य दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो, आणि मृत्यू ‘कर्तव्यावर’ झाला हे सिद्ध करणं घरच्यांच्या गळ्यात. झटापटीनंतर आलेला हृदयविकाराचा झटका धरायला २००३ साल उजाडलं, कामाच्या आघातातून झालेली आत्महत्या धरायला २०२२.

२०१९ मध्ये इथले पगडीधारी डेप्युटी संदीप धालीवाल यांना गाडी अडवल्यावर गोळी घातली गेली. त्यांना तीन मुलं. बातमी भारतातही गाजली. पण कागदपत्रांचं खरं काम पडतं ते लेकरू अठराचं झाल्यावर, आणि तोवर ना बातमीदार उरतो, ना कागद जपून ठेवणारं कोणी. बाप देऊन मिळालेल्या आणि वर रांगेत उभं राहून मागाव्या लागणाऱ्या गोष्टीला मला तरी फुकट म्हणवत नाही.

पुढच्या सत्रात तो मुलगा बारा क्रेडिटची पावती घ्यायला आला. बाकी रक्कम शून्य. त्यानं दोन प्रती मागितल्या, एक आईसाठी.

— एक निवृत्त कर्मचारी, ह्यूस्टन
(नाव छापू नये)